पेटीला लागलेलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात हत्यारांची पूजा होते. पाटावर पाने, पकडी, व्हर्नियर, सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर अशी सगळी मंडळी हळदकुंकू लावून ओळीनं बसतात. त्या वर्षी मी पाटापुढे उभी राहिले, हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा मल्टिमीटरच्या शेजारी, झेंडूच्या फुलाखाली, आमची एचएसएम बसलेली दिसली. वरच्या पत्र्यावर कुंकवाची पाच बोटं आणि पुढच्या बाजूला एक लाल दिवा, तोही पेटलेला.

माझ्या तोंडून आरती निघायच्या ऐवजी किंकाळी निघाली.

ही एचएसएम काय भानगड आहे ते आधी सांगते, नाहीतर मी एका पत्र्याच्या डब्यासाठी एवढी का किंचाळले ते कळायचं नाही. सीमाभागातल्या मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटासा कारखाना आहे. आम्ही साडीच्या मागांसाठी कंट्रोलर बनवतो. पॉवरलूमवर जॅकार्ड असतं, त्यातला कुठला दोरा केव्हा वर उचलायचा हे आमचा कंट्रोलर सांगतो, आणि त्याप्रमाणे पदरावर मोर नाहीतर कोयऱ्या उमटतात. वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांतल्या बऱ्याच मागांवर आमचे कंट्रोलर बसलेले आहेत. त्यांच्यात नवा प्रोग्राम पेन ड्राइव्हनं घालता येतो. मध्यंतरी कुणीतरी आमच्या प्रोग्रामची मोडतोड करून तो गल्लीगल्लीत वाटला आणि चार घरच्या जॅकार्डचे हुक अडकून बसले. शिव्या आम्हाला पडल्या. तेव्हा मी ठरवलं, यापुढे प्रत्येक प्रोग्रामवर सही असणार, आणि सही नसलेला प्रोग्राम कंट्रोलर घेणारच नाही.

ही सही म्हणजे पेनाची नव्हे. एक भलामोठा गुप्त आकडा असतो, त्याला प्रायव्हेट की म्हणतात. त्या चावीनं केलेली सही जगातला कुठलाही आमचा कंट्रोलर ओळखतो, पण चावी ज्याच्या हाती पडेल तो आमच्या नावानं काहीही सही करू शकतो. पहिले सहा महिने ती चावी मालकांच्या लॅपटॉपवर होती आणि लॅपटॉप मालकांच्या मुलीकडे, कार्टून बघायला. मी मालकांचं डोकं खाऊन खाऊन एचएसएम घ्यायला लावली. हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल. जेवणाच्या डब्याएवढी पोलादी पेटी. चावी तिच्या पोटातच तयार होते, पोटातच राहते आणि सही करून बाहेर देते, पण चावी स्वतः कधी बाहेर येत नाही. कुणी पेटी उघडायला गेलं, तर आतल्या बॅटरीवर जागी असलेली ती बया क्षणात पोटातलं सगळं पुसून टाकते. वायर काढलेली असली तरी.

लाल दिव्याचा अर्थ तोच होता: ती कुणीतरी उघडली होती.

"ही पेटी इथं कुणी आणली?" मी ओरडले.

"मी," आमचे फिटर अण्णा म्हणाले. हातात पंचारती होती. "कालच समदी यंत्रं उघडून पुसली न्हवं का. ही येकटीच कपाटात धूळ खात बसलीती. म्हनलं, हिनं काय पाप केलंय?"

अण्णा वडगावचे. घरी दोन माग, हातात पिढ्यान्‌पिढ्यांची विणकरी, आणि आमच्याकडे पंधरा वर्षं फिटर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते कारखान्यातलं प्रत्येक यंत्र खोलून, ब्लोअर मारून, पुसून पुन्हा बसवत. त्या दिवशी त्यांना कुणी मध्ये बोललेलं चालत नसे. पूजेला यंत्र अस्वच्छ बसलं तर वर्षभर कुरकुरतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर आमची यंत्रं कुरकुरत नव्हती.

"पण तिचे स्क्रू आपल्या कुठल्याच पान्यानं निघत नाहीत!"

"व्हय, वंगाळ स्क्रू. मधी टोक असलेले." अण्णांच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडा अभिमान होता. "सायकलीची तार घासून पाना केला. दोन तास लागले. आत बघतो तर काय, धूळच न्हाय. समदं काळ्या लाखंत बुडवून ठेवलंय. पुसून परत लावली."

परदेशातल्या इंजिनिअरांनी मुद्दाम कुणालाही न उघडता येणारा स्क्रू शोधून काढला होता आणि वडगावच्या विणकरानं सायकलच्या तारेनं तो दोन तासांत काढला. आज मला याचं हसू येतं. त्या दिवशी नाही आलं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या कडोलीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाला आपल्याला बोलता येतं असं वाटतं, आणि मी तर चिडले की फारच चांगलं बोलते. मी तोंडाचा पट्टा सोडला.

"अण्णा, तुम्ही काय केलंय कळतंय का? चावी गेली! तुमच्या गल्लीतला एकेक कंट्रोलर मेला आता! वीज गेल्यावर किनारीची ओळ चुकते म्हणून बायका रोज तुमच्याकडे रडतात ना? तो दुरुस्त केलेला प्रोग्राम दसऱ्यानंतर देणार होतो ना आपण? आता जन्मात नाही देता येणार! कारण तुम्हाला पेटी पुसायची होती!"

अण्णांनी पंचारती खाली ठेवली. ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे. वडगावातले बहुतेक कंट्रोलर खपले ते माझ्या माहितीपत्रकामुळे नव्हे, तर "अण्णा म्हणतो म्हणजे चांगलंच असणार" या एका वाक्यामुळे. प्रत्येक घरी त्यांनी स्वतः जाऊन कंट्रोलर बसवला होता. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी बोलत राहिले. ते चपला घालून बाहेर गेले, आणि आम्हाला वाटलं चहाला गेले असतील.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. चावीची एक प्रत होती. उघडी चावी पेटी बाहेर देत नाही, पण कुलूपबंद प्रत देते; ती बोटाएवढ्या दुसऱ्या यंत्रात, मालकांच्या तिजोरीत होती. ती पुन्हा पेटीत भरायला तीन कार्डांपैकी कुठलीही दोन लागायची, आणि प्रत्येक कार्डाला ज्याचा त्याचा गुप्त आकडा. एकट्याला चावीपर्यंत पोचता येऊ नये म्हणून ही सोय. रागाच्या भरात मी ते बोलले नाही. त्याला दुसरंही कारण होतं. ती प्रत मी घेतली होती, पण ती परत भरता येते की नाही हे कधी करून पाहिलं नव्हतं. उद्या बघू, पुढच्या आठवड्यात बघू, असं करत दीड वर्ष गेलं होतं.

तीन कार्डांपैकी एक माझं. एक मालकांचं. मी मालकांना म्हटलं, "साहेब, कार्ड काढा."

मालकांनी पाकिटातून कार्ड काढलं, पण माझ्याकडे देईनात. "अगं, एक सांगायचं राहिलं. गणपतीच्या सुट्टीत मी सहज ते चालवून बघितलं. आकडा आठवेना. मुलीची जन्मतारीख घातली, लग्नाची घातली, गाडीचा नंबर घातला…"

"किती वेळा?"

"कार्ड बंद पडेपर्यंत."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू ओरडशील म्हणून."

यावर मला ओरडतासुद्धा येईना. अति शहाणी मी, तीन कार्डांची सुरेख योजना केली होती, कागदावर रंगीत आकृती काढली होती, आणि प्रत्यक्षात एक कार्ड मेलेलं होतं. उरलं तिसरं. ते अण्णांकडे होतं. कार्ड कुणाला द्यायचं हा प्रश्न निघाला तेव्हा मालकच म्हणाले होते, ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही आणि ज्याला कुणी विकत घेऊ शकत नाही अशा माणसाला द्या. एका सेकंदात सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं होतं.

अण्णांचा फोन बंद होता. मी स्कूटर काढली.

नवमीच्या दुपारी वडगावात शिरलं की विचित्र वाटतं. एरवी तिथं बोललेलं ऐकू येत नाही, प्रत्येक घरातून माग खडखडत असतात. त्या दिवशी सगळे माग पुसून, हार घालून, गप्प बसवलेले. उसाची कांडी, केळीचे खुंट, धोट्यांवर हळद. अण्णांच्या गल्लीच्या तोंडाशी एका घरापुढे बाई रांगोळी आवरत होत्या. त्यांच्या घरी कंट्रोलर बसवताना मी एकदा चहा प्यायले होते.

"बाई, बरं झालं आलासा," त्या म्हणाल्या. "अण्णा आत्ताच येऊन गेले. दारातच उभे ऱ्हायले, आत याच ना. म्हनले, आक्का, तुमचा कंट्रोलर माझ्या हातनं मेला. किनारीची ओळ आता दुरुस्त व्हायची न्हाय. माझ्या शब्दावर घेतलासा, मला माफी करा. डोळ्यांत पानी आलतं वो त्यांच्या. आमी म्हनलं, जाऊ द्या अण्णा, सणाचं कशाला? पर बाई, खरंच मेलाय व्हय?"

"कुठल्या कुठल्या घरी गेले?"

"समद्या. या टोकापासनं त्या टोकापातर."

"बघून सांगते," एवढंच मी म्हटलं. माहीत नाही असं म्हणायचीही हिंमत होईना. मी पुढे गेले आणि मला इतकी लाज वाटत होती की स्कूटर ढकलतच नेली. माझं एक वाक्य या माणसानं उचललं होतं आणि दारोदार जाऊन स्वतःच्या अंगाला लावून घेतलं होतं.

अण्णा घरात मागापुढे पाटावर बसले होते. मी चप्पल काढली आणि उंबऱ्यातच म्हणाले, "अण्णा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. आणि जे बोलले ते पुरतं खरंही नाही." मग प्रतीचं सांगितलं, कार्डांचं सांगितलं, मालकांच्या गाडीच्या नंबराचंही सांगितलं. तिथं त्यांच्या मिशीखाली जरा हलल्यासारखं झालं.

"म्हंजे माझं कार्ड लागतंय."

"तुमचंच लागतंय."

"ते तिथं हाय." त्यांनी मागाकडे बोट केलं. धोटा, फणी, कात्री यांच्या ओळीत ते पांढरं कार्ड, मधोमध कुंकू लावून, उभं केलं होतं. "तू दिलंस तवा म्हनली होतीस, हे तुमचं हत्यार, जिवापाड जपा. म्हनून गेल्या साली बी पूजेत ठेवलं, औंदा बी. आता उद्या दसऱ्याची पूजा झाल्याबिगर उचलता येत न्हाय पोरी."

दुसरा कुणी असता तर मी वाद घातला असता. "उद्या सकाळी उचला," मी म्हटलं. "पेटी रिकामीच आहे, रात्रीत आणखी काय रिकामी होणार?"

घरातून चहा आला. अण्णा बशीत ओतून घोट घेत राहिले आणि मग आपणहून बोलले. "स्क्रू बघूनच मला कळाय पायजे होतं. असला स्क्रू लावणाऱ्याला कुनी उघडू ने असंच वाटत असनार. पर मला वाटलं, आपली परीक्षा बघत्यात. फिटरची जात वंगाळ." मग आणखी एक घोट घेऊन, "वर कायतर लिवलंतं बघ पिवळ्या पट्टीवर. म्हनलं, कंपनीचं नाव असंल."

मी बशी खाली ठेवली. ती पिवळी पट्टी मीच चिकटवली होती. उघडू नका, उघडल्यास सर्व नष्ट होईल, असं ठळक अक्षरात. इंग्रजीत. कारखान्यात सतरा माणसं. सगळी मराठी बोलतात, निम्म्यांना कन्नड वाचता येतं, उरलेल्यांना मराठी, आणि इंग्रजी वाचणारे मालक आणि मी, म्हणजे ज्यांच्या हातात पाना कधीच नसतो ते दोघे. ज्या एकाच माणसाच्या हातात ती पेटी उघडण्याची ताकद होती, त्याच्यासाठी मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ते त्यांना सांगायच्या ऐवजी मी बशी पुन्हा उचलून चहा संपवला.

"उद्या जमंल का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही अण्णा. प्रत मी कधी तपासलीच नाही." हे मी त्या दिवशी बोललेलं पहिलं पूर्ण खरं वाक्य होतं.

"मग बघू की. न्हाय जमलं तर न्हाय म्हनून परत सांगाय जाऊ. आता दारं वळखीची झाल्यात."

दसऱ्याच्या सकाळी नऊला आम्ही तिघं कारखान्यात. पेटी टेबलावर ठेवलेली. कुंकू मी पत्र्यावरून काढलं नाही, तेवढं धाडस नव्हतं. माझं कार्ड घातलं, माझा आकडा घातला, एक हिरवा दिवा लागला. मग अण्णांचं कार्ड. नियमाप्रमाणे त्यांचा आकडा मला दिसता कामा नये, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मालकांनाही वळवलं.

मागे बटणं दाबल्याचा आवाज. मग पेटीचा कर्कश पीऽप.

"चुकलं," अण्णा म्हणाले.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन परत भिंतीकडे पाहिलं.

"घाई करू नका. कुठं लिहिलंय का?"

"लिवायचं न्हाय म्हनालीस की तूच. मी माझ्या पयल्या साडीच्या किनारीचा हिशोब धरलाय. किती दोरं वर, किती खाली. डोक्यात न्हाय ऱ्हात ते, हातात ऱ्हातंय. थांब." आणि ते मागावर बसल्यासारखे खुर्चीत सरळ बसले असावेत, कारण खुर्ची करकरली, आणि पायानं जमिनीवर ताल धरत ते पुटपुटू लागले, "तीन वर, येक…"

"अण्णा, मोठ्यानं नको!" मी ओरडले आणि कानात बोटं घालून सतराचा पाढा म्हणू लागले. मालकांनीही कान झाकले आणि माझ्याबरोबर पाढा सुरू केला. सतरा सक एकशेदोन म्हणताना खांद्याला हात लागला. वळून पाहिलं तर दुसरा हिरवा दिवा लागला होता.

पण कार्डं चालली म्हणजे प्रत चांगली निघेलच असं नव्हतं. मी हुकूम दिला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली, मध्ये बराच वेळ थांबली, आणि मी त्या वेळात आयुष्यात टाळलेली सगळी कामं आठवून घेतली. मग पट्टी भरली. चावीची ओळख पटवायचा आकडा दीड वर्षापूर्वी कागदावर छापून पाकिटात बंद केला होता. पाकीट फोडलं. मी पडद्यावरचा वाचत गेले आणि मालक कागदावर बोट फिरवत "बरोबर, बरोबर" म्हणत गेले. शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर. मालक खुर्चीत बसले आणि रुमालानं मान पुसत राहिले. मी रडले, सांगायला लाज कसली. किनारीच्या दुरुस्तीचा प्रोग्राम घातला, पेटीनं सही केली, टेबलावरच्या कंट्रोलरनं ती मानली.

"टेबलाचं काय खरं न्हाय," अण्णा म्हणाले. "मागावर बघू."

गल्लीच्या तोंडाच्या त्याच घरी गेलो. दसऱ्याची पूजा झाली होती, माग चालवायला हरकत नव्हती. अण्णांनी कंट्रोलरला पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर नवा प्रोग्राम घेतल्याची खूण आली. माग सुरू झाला, हातभर किनार विणली, आणि अण्णांनी स्वतः जाऊन मेन स्विच पाडला. सगळं थांबलं. पुन्हा चालू केला. माग चार बोटं पुढे गेल्यावर त्यांनी थांबवला, चष्मा लावला आणि किनारीवर अंगठ्याचं नख फिरवत एकेक ओळ मोजली. बाईंच्या हातातली ओवाळणीची ताटली तशीच राहिली.

"येकबी ओळ चुकली न्हाय," अण्णा म्हणाले आणि नख तिथंच ठेवून थोडा वेळ उभे राहिले. त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं.

बाहेर आल्यावर त्यांनी टोपी सारखी केली. "आता समद्या दारांत जायाचं. काल मान खाली घालून गेलतो, आज सांगून येतो, चालू झालंय म्हनून. तू घरला जा, सण हाय तुझ्या घरी."

"मी येते."

"कशापायी?"

मी त्यांच्याबरोबर चालू लागले. पुढच्या दारात एक म्हातारे गृहस्थ बाहेरच्या सोप्यात बसले होते. आम्हाला बघून उठले. अण्णांनी हात जोडले. "आप्पा, काल मी सांगून गेलतो न्हवं, माझ्या हातनं चूक झाली म्हनून…"

"थांबा अण्णा," मी म्हटलं, "ते मी सांगते. आप्पा, उघडू नका म्हणून मी लिहिलं होतं, पण ते अण्णांना वाचता येईल असं लिहिलं नव्हतं. चूक त्यांची नव्हती, माझी होती."